हाज रशादांचा कान

आमच्या हलबमध्ये गाणाऱ्याला पोटभर जेवण मिळतं, पण मान मिळतो तो ऐकणाऱ्याला. बाहेरचे लोक आमच्या गावाला अलेप्पो म्हणतात आणि वर विचारतात, ‘तुमच्याकडे गाणं फार, नाही का?’ गाणं काय सगळीकडेच असतं. कोंबडाही गातो. आमच्याकडे समीआ होते. समीआ म्हणजे ऐकणारे. पहिल्या रांगेत बसायचे. कुणी साबणवाला, कुणी कापडवाला, कुणी पिस्त्यांचा दलाल. स्वतः ना गायचे, ना वाजवायचे. पण गवई बगदादचा असो की कैरोचा, त्याला घाम फुटायचा तो या रांगेपुढे. त्यांनी योग्य जागी ‘आह’ केलं तर तो गवई. ते गप्प राहिले तर त्यानं मुकाट्यानं सकाळची गाडी धरायची.

त्या रांगेत माझ्या तरुणपणी सात जण होते. चौघे वारले. दोघे युद्धाची ती वर्षं सुरू झाल्यावर सीमेपलीकडे गेले आणि तिकडच्याच मातीत गेले. उरले एकटे हाज रशाद. वय ब्याऐंशी. गारच्या, म्हणजे लॉरेलच्या, तेलाचा साबण करणारं त्यांचं घराणं. कारखाना छपरासकट बसला. दोन्ही मुलगे परदेशी. बायको, उम्म सलीम, औषध मिळालं नाही म्हणून गेली. कान तेवढा राहिला. तोही जाता जाता राहिला होता, कारण एकदा शेजारच्या गल्लीत तोफगोळा पडला आणि आठ दिवस त्यांच्या कानात शिट्टी वाजत होती. शिट्टी थांबली, पण धास्ती काही गेली नाही.

“हिकमत, पोरा,” ते मला म्हणायचे, “देवाला म्हणावं बाकी सगळं ने. माझा कान तेवढा ठेव. कान गेला तर मी कोण? जिना चढता न येणारा एक म्हातारा.”

मी एकसष्ट वर्षांचा. त्यांना मी पोरच वाटायचो, कारण माझ्या वडिलांना, अदीब ज़कूर यांना, त्यांनी ऐकलं होतं. बाबा कानून वाजवायचे आणि मीही कानूनच वाजवतो. मांडीवर आडवं ठेवायचं तारांचं वाद्य. डाव्या अंगाला तारांखाली पितळेच्या बारीक पट्ट्यांची रांग. पट्टी उभी केली की स्वर चढतो, पाडली की उतरतो. गवयाचा गळा आणि व्हायोलिनचं बोट इकडेतिकडे सरकू शकतं, कानून सरकत नाही. कानूनवाल्यानं पट्टी ठेवली की सगळ्यांनी तिथे यायचं. म्हणून आमच्यात म्हणतात, वाद घालायचा तर काज़ीशी घाला, कानूनवाल्याशी घालू नका.

आणि आमचा सगळा वाद एका स्वरावरून असतो. मकाम म्हणजे आमचा राग; त्यातल्या रास्त मकामातला तिसरा स्वर, सीगाह. पेटीवर शोधाल तर सापडणार नाही. तो पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी राहतो. कैरोवाले तो थोडा खाली ठेवतात, आम्ही थोडा वर. किती थोडा? जिऱ्याच्या दाण्याएवढा. पण त्या दाण्यावरून आमच्याकडे सोयरिकी मोडल्या आहेत. हाज रशाद म्हणायचे, “अदीबनं लावलेला सीगाह म्हणजे कायदा.” बाबा गेल्याला तेवीस वर्षं झाली. त्यांच्या टेपा होत्या त्या आमच्या घराबरोबर जळल्या. तो सीगाह आता जगात दोनच ठिकाणी उरला होता, माझ्या बोटात आणि हाज रशादांच्या कानात.

तर त्या वर्षांनंतर किल्ल्याच्या पायथ्याशी पहिला संगीत उत्सव ठरला. तीन दिवस. विजेचा भरवसा नाही म्हणून मैफली दुपारच्या नमाजानंतर, उजेड असेपर्यंत. शेवटच्या दिवशीचा मुख्य गवई वहीब सर्मीनी. भिंतीभिंतीवर त्याचं चित्र, तेही वीस वर्षांपूर्वीचं, काळ्या केसांचं.

वहीब माझा मित्र. तीस वर्षं मी त्याच्यामागे कानून धरलं. तो वीस वर्षांचा असताना हाज रशादांनी त्याला पहिलं ‘आह’ दिलं होतं. ती तारीख तो बायकोच्या वाढदिवसाआधी सांगायचा. मग सगळं पेटलं, तो कैरोला गेला, मी राहिलो. कोण का गेला, कोण का राहिला, हे आमच्या गावात कुणी कुणाला विचारत नाही. मनात मात्र सगळे विचारत असतात.

तो एक बॅग घेऊन उतरला तो थेट माझ्या घरी. बायकोनं बिहीफळ घालून खिम्याचे किब्बे केले होते. तो ताटावर रडला.

“बॅग उघडली नाहीस?” मी विचारलं.

“उघडणार नाही इतक्यात. कैरोतली खोली सोडून आलोय. मैफल झाल्यावर हाज रशाद ‘आह’ म्हणाले तर इथेच राहीन, इथेच मरेन. नाही म्हणाले तर परत.”

“परत कुठे? खोली सोडलीस ना?”

“ते बघू. अरे, तिकडे हॉटेलात गायचो. लोक जेवता जेवता टाळ्या वाजवायचे. एकदा मी मुद्दाम बेसूर गायलो हिकमत, मुद्दाम. तेव्हाही वाजवल्या. दहा वर्षांत मला कुणी चूक म्हटलं नाही. तुला कळतंय का हे किती भयंकर असतं?”

दुसऱ्या दिवशी माझ्या घरी तालमीत मला कळलं. आवाज खरखरीत झाला होता, पण ते चालतं; जुन्या तांब्याला डाग असतातच. पण सीगाह. तो सीगाहवर येऊन थांबला आणि माझी तार आणि त्याचा गळा एकमेकांना घासले. मी पुन्हा वाजवलं. तो पुन्हा तिथेच, खाली. कैरोच्या जागेवरही नाही, तिच्याही खाली. आणि चेहऱ्यावर असं समाधान, जणू घरी पोचला. त्याचा कान म्हातारा झाला होता. गळा चुकला तर सुधारता येतो, पण कानच चुकीच्या जागेला बरोबर म्हणायला लागला तर कोण कुणाला सांगणार?

मी सांगायला हवं होतं. मी होतो ना समोर. पण व्हायोलिनवाला माझ्याकडे बघत होता, वहीब डोळे मिटून गात होता, कोपऱ्यात ती न उघडलेली बॅग. मी डाव्या हाताचं नख घातलं आणि पट्टी पाडली. कानून खाली आलं, त्यामागोमाग व्हायोलिन, बासरी, सगळे आले. एकदम गोड वाजायला लागलं. वहीब डोळे उघडून म्हणाला, “बघ, अजून जमतंय.”

मैफलीला सगळा गाव लोटला होता. डावीकडे बाहेरून परत आलेले लोक, नव्या चपला, हातात मोबाइल. उजवीकडे आम्ही राहिलेले. खुर्च्या कुणी वाटून दिल्या नव्हत्या, पण तेल आणि पाणी आपोआप वेगळं होतं. पहिल्या रांगेत मधोमध एकटे हाज रशाद, पांढऱ्या टोपीत, डोळे मिटून. ते नेहमी डोळे मिटूनच ऐकायचे.

वहीबनं रास्त सुरू केला. पहिल्यांदा सीगाहवर थांबला तेव्हा डावीकडून एक आवाज उठला, “अल्लाह! हेच! हेच ते जुनं!” आणि त्याच दमात उजवीकडून, “वर घ्या उस्ताद! थोडं वर!”

डावीकडून, “गप्प बस रे, अडाणी!”

“अडाणी तुझा बाप! हा सीगाह नाही, हा नाइलचा गाळ आहे!”

वहीब गात राहिला. पाठीमागचे काही उठून गेले, काही उभे राहून टाळ्या पिटू लागले, एका पोरानं मोबाइलवर सूर मोजायचं यंत्र लावलं आणि ओरडला, “चुकतोय! लाल दाखवतंय!” त्या यंत्राला बारा स्वरांपलीकडे काही ठाऊक नसतं, त्यावर माझ्या बाबांचा सीगाहही लालच दाखवला असता. मी मान खाली घालून वाजवत होतो. मधेच वर पाहिलं. हाज रशाद हलले नव्हते. त्यांनी ‘आह’ही केलं नाही आणि ते उठूनही गेले नाहीत.

पुढचे चार दिवस गावात दुसरा विषय नव्हता. पाणी येत नव्हतं, डिझेल मिळत नव्हतं, आणि लोक सीगाहवरून एकमेकांच्या अंगावर जात होते. अबू फव्वाज़ न्हाव्याच्या दुकानात मी खुर्चीत बसलो होतो, एक गाल साबणाचा, एक तासलेला. अबू फव्वाज़ त्या सगळ्या वर्षांत एक दिवसही गाव सोडून गेला नाही आणि ते तो दिवसातून तीनदा सांगतो. एवढ्यात नाज़िम कापडवाला आत आला. तो तुर्कस्तानात, आन्तेपमध्ये, आठ वर्षं काढून परत आलेला.

“काय अबू फव्वाज़, ऐकलंत ना परवा? आमच्या आजोबांच्या वेळचा सीगाह. तुम्ही इथे बसून विसरलात तो. तुर्की रेडिओ ऐकून ऐकून वर चढवलात.”

“तुर्की रेडिओ आम्ही ऐकला? आठ वर्षं त्यांच्या ताटात कोण जेवत होतं?” अबू फव्वाज़चा वस्तरा माझ्या कानाजवळ थांबला. “तुमच्या वहीबला कैरोचं पाणी लागलंय. गेला तेव्हा कान पण विकून गेला वाटतं, भाड्याला पैसे हवेत म्हणून!”

“आणि तुमच्या कानात अजून तोफा वाजतायत, तुम्हाला काय कळणार!”

“वाजतायत! होय, वाजतायत! कारण आम्ही होतो इथे! तू नव्हतास!”

“अबू फव्वाज़, माझा दुसरा गाल,” मी म्हणालो. कुणी लक्ष दिलं नाही.

त्या क्षणी मला कळलं की वाद वहीबचा राहिलाच नाही. राहिलेल्यांना हवं होतं की गेलेल्यांचं काहीतरी चुकलेलं असावं, आणि गेलेल्यांना हवं होतं की गाव त्यांनी जपलं, आम्ही बिघडवलं. जिऱ्याएवढा तो स्वर, आणि अख्खा गाव त्याच्यावर ओझं टाकून बसलेला. शेवटी दोघेही घोगरे झाले तेव्हा एकाच गोष्टीवर एकमत झालं, हाज रशादांनी निवाडा करावा. जुनी रीतच होती तशी. मैफलीत मतभेद झाला तर गवयाला समीआच्या घरी बोलवायचं, भर दिवसा, चार माणसांत, आणि पुन्हा गायला लावायचं.

शुक्रवारच्या नमाजानंतर आम्ही हाज रशादांच्या तिसऱ्या मजल्यावर जमलो. अबू फव्वाज़, नाज़िम, वहीब, मी. खाली रस्त्यावर दोन्ही बाजूंची पन्नासेक माणसं उभी. हाजांनी स्वतः वेलदोड्याची कॉफी केली, ओतताना अर्धी बशीत सांडली. मग म्हणाले, “गा बेटा. एकच ओळ.”

मी पट्टी खाली ठेवलीच होती. वहीब गायला.

“पुन्हा.”

तो गायला.

“पुन्हा.”

तिसऱ्यांदा झालं. हाज रशादांनी डोळे उघडले आणि हळूच म्हणाले, “मला हा खाली वाटतो.”

“बघा!” अबू फव्वाज़नं मांडीवर थाप मारली.

“थांब रे. ‘वाटतो’ म्हटलं मी, ‘आहे’ नाही म्हटलं.” ते माझ्याकडे वळले. “हिकमत, कानून खोटं बोलत नाही. ही पट्टी तू कुणाच्या मापानं ठेवलीस? अदीबच्या की वहीबच्या?”

वहीबनं माझ्याकडे पाहिलं. त्याला काहीच ठाऊक नव्हतं. तो फक्त वाट बघत होता, परीक्षेचा निकाल लागणाऱ्या मुलासारखा. माझ्या डोळ्यांपुढे त्याची बॅग आली. सत्तरीचा माणूस बसस्थानकावर, कुठे जायचं ते ठाऊक नाही. मनात म्हटलं, जिऱ्याएवढी तर गोष्ट आहे.

“बाबांच्या,” मी म्हणालो. तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण चोराच्या मनात चांदणं, मी पुढे बोललो, “बाबांच्या कबरीची शपथ. त्यांची पट्टी इथेच असायची.”

हाज रशाद माझ्या हाताकडे बघत राहिले. मग त्यांनी उजव्या कानावर तळवा ठेवला, काढला, पुन्हा ठेवला.

“अदीबचा सीगाह,” ते म्हणाले, “आणि मला खाली वाटला.”

“हाज...” मी म्हणालो.

“नाही, बरं झालं. कळलं तरी.” ते हसले. “ती आठ दिवसांची शिट्टी. मी म्हणतच होतो, ती जाताना काहीतरी घेऊन गेलीय. वहीब, बेटा, तू बरोबर आहेस. राहा तू. आह.”

गाणं संपून गेल्यावर ते ‘आह’ म्हणाले. आयुष्यात त्यांचं हे पहिलं ‘आह’, जे जागेवर पडलं नाही. पण कुणाच्या ध्यानात आलं? नाज़िम खिडकीतून खाली ओरडला, खालून आरोळ्या उठल्या, अबू फव्वाज़सुद्धा उठून वहीबच्या गळ्यात पडला. समीआनं सांगितलं की संपलं. आमचा गाव वाकडा असेल, पण रीत मोडत नाही. सगळे वहीबला घेऊन जिना उतरले. हाज रशाद सांडलेली कॉफी फडक्यानं पुसत बसले होते.

जिन्यात वहीबनं माझा दंड धरला. “म्हणून परत आलो मी,” तो म्हणाला. डोळे भरले होते. “इथे खोटं कुणी बोलत नाही.”

त्यानं बॅग उघडली. पाच सदरे आणि आईचा फोटो. माझ्या बायकोनं त्याला मागची खोली दिली.

तीन शुक्रवार गेले. हाज रशाद कुठेच दिसेनात. चौथ्या शुक्रवारी मी कानून उचललं आणि त्यांच्याकडे गेलो. कोनाड्यातला रेडिओ नव्हता. खालच्या मजल्यावरच्या बाईला देऊन टाकला म्हणाले; तिला बातम्यांना लागतो.

“तुम्हाला नको?”

“मला काय करायचाय? आंधळ्याला आरसा.”

मी दार लावलं आणि सगळं सांगितलं. तालीम, पट्टी, बॅग, शपथ. रडलो. म्हणालो, “तुमचा कान शाबूत आहे. तुम्ही बरोबर होता. तो खाली होता. मी खोटं बोललो, हाज, बाबांच्या कबरीवर खोटं बोललो.”

त्यांनी ऐकून घेतलं. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला.

“तुझ्या बायकोनं पाठवलं का?”

“नाही! खरं सांगतोय.”

“मला ठाऊक आहे तू चांगला मुलगा आहेस. म्हाताऱ्याचं मन राखायला आलास. पण बापाच्या कबरीची खोटी शपथ? अदीबचा पोरगा? नाही रे. शपथ घेतलीस ती खरी. हे आत्ताचं बोलतोयस ते प्रेमानं बोलतोयस.”

मी कानून मांडीवर ओढलं. “माझ्याकडे पाठ करून बसा. मी पट्टी हलवतो, तुम्ही सांगा. वर की खाली.”

ते नको नको म्हणत पाठ करून बसले. मी पट्टी चढवली. “वर,” ते म्हणाले. पाडली. “खाली.” अर्ध्या दाण्याएवढी सरकवली, जी मला स्वतःला नीट कळत नाही. “ही कैरोची.” मग बाबांची. “ही... मला ही अदीबची वाटते.”

“हीच आहे! हीच आहे हाज! सगळी बरोबर सांगितलीत!”

ते वळले. चेहऱ्यावर माझ्याबद्दलची इतकी कीव होती की ती आजही माझ्या छातीत आहे.

“मी काही म्हटलं असतं तरी तू बरोबरच म्हणाला असतास, पोरा.”

“मग मी गावात सांगतो! वहीबला सांगतो, अबू फव्वाज़ला बोलावतो, चारचौघांत...”

“आणि वहीबला घालवशील? माझ्या खोट्या समाधानासाठी?” पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला. “खबरदार. त्या गरिबाला राहू दे. मी ब्याऐंशी वर्षं ऐकलं. पुरे झालं.”

तरी मी अबू फव्वाज़कडे गेलो. त्याला आडून आडून विचारलं, समजा हाजांचं बरोबर असलं तर? तो वस्तरा पाजळत हसला. “हिकमत, आता कशाला उकरतोस? निवाडा झाला. आणि खरं सांगू, मलाही आता तोच गोड लागतो. जुना आहे ना, म्हणून.” आणि काम करता करता तो गुणगुणायला लागला. सीगाह खाली, अगदी वहीबचा.

आता वहीब दर गुरुवारी दुपारी सांस्कृतिक भवनात गातो. गेलेले आणि राहिलेले आता मिसळून बसतात. म्हटलं तर भांडण मिटलं. हाज रशादांशिवाय सुरू करणार नाही असा त्याचा हट्ट, म्हणून दोघे जण त्यांना खुर्चीसकट जिन्यावरून उतरवून आणतात. पहिल्या रांगेत मधोमध बसवतात. अबू फव्वाज़ शेजारी बसतो. हाज रशाद आता डोळे उघडे ठेवतात. वहीब सीगाहवर थांबला की ते अबू फव्वाज़च्या तोंडाकडे बघतात. त्यानं ‘आह’ केलं की मागोमाग ते करतात, किंचित उशिरानं, आणि लोकांच्या ते गावीही नसतं.

मागच्या गुरुवारी वहीबला खोकला आला. तो पाणी प्यायला थांबला आणि मला म्हणाला, तू वाजव तोवर. एकट्या कानूनचं. मी सुरुवात केली, आणि काय झालं कुणास ठाऊक, माझं नख आपोआप गेलं आणि पट्टी वर उभी राहिली. बाबांची जागा. सीगाह वाजला.

हाज रशाद ताठ झाले. खुर्चीचे हात घट्ट धरले, डोळे मिटले, तोंड उघडलं. मी तीच तार पुन्हा छेडली. मग त्यांनी डोळे उघडले आणि शेजारी पाहिलं. अबू फव्वाज़नं कपाळाला आठी घातली होती. त्याला तो चढा लागला होता. हाज रशादांनी तोंड मिटलं आणि मान खाली घातली.

वहीबनं ग्लास ठेवला, घसा खाकरला. मी पट्टी पाडली.